गुरांच्या कानाखालील सूज : लाळग्रंथींचा दाह व त्यावरील उपचार

पावसाळा सरून रब्बीच्या पेरणीची घाई सुरू झालेली असते. रानातील गवत वाळून पिवळे पडलेले असते व गुरांच्या पुढे नव्या गवताच्या पेंढ्या पडू लागतात. नेमक्या ह्याच दिवसांत एखादा धडधाकट बैल गव्हाणीपाशी उभा राहून वैरण नुसती हुंगतो, एखादा घास तोंडात घेऊन चघळतो आणि टाकून देतो. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. मान एका बाजूस ताठ धरलेली असते आणि कानाच्या खाली, जबड्याच्या मागच्या अंगास, मुठीएवढी सूज आलेली असते.

अशी सूज दिसली म्हणजे गावात दोन सल्ले हटकून मिळतात. पहिला सल्ला डाग देण्याचा व दुसरा सुरीने फोडून टाकण्याचा. हे दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांपासून जनावराचे कायमचे नुकसान होण्याचा संभव असतो. ही सूज पुष्कळदा लाळग्रंथीच्या दाहाची असते व वेळीच योग्य उपचार झाल्यास जनावर बरे होऊ शकते. परंतु तशीच दिसणारी दुसरी एक सूज अशी आहे की, ती ओळखण्यास एक दिवसाचा विलंब झाला तरी जनावर दगावते. म्हणून कानाखालच्या व गळ्याच्या सुजेकडे कसे पाहावे, घरी काय करावे, काय करू नये आणि पशुवैद्यास केव्हा बोलवावे, ह्याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

लाळेचे कार्य

माणसाच्या लाळेपेक्षा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या लाळेचे काम पुष्कळच मोठे आहे. पूर्ण वाढ झालेल्या मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे १०० ते १५० लिटर लाळ तयार होते. हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. पण ही लाळ वाया जात नाही. ती घासाबरोबर पोटात जाते व तिच्यातील पाणी व क्षार पुन्हा शरीरात शोषले जातात. विहिरीचे पाणी पाटाने शेतात जावे आणि झिरपून पुन्हा विहिरीत यावे, तसाच हा प्रकार आहे.

ह्या लाळेची तीन कामे मुख्य होत. पहिले काम, कोरडी वैरण भिजवून गिळण्याजोगी करणे. वाळलेल्या कडब्याचा घास लाळेवाचून घशाखाली उतरणे कठीण असते. दुसरे काम, रवंथास साहाय्य करणे. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबते व त्या आंबण्यातून आम्ले तयार होतात. लाळेमध्ये सोड्यासारखे क्षार भरपूर असतात. ते ह्या आम्लांचा जोर मोडतात व पोटातील उपयुक्त सूक्ष्म जंतूंना जगण्यास योग्य अशी स्थिती टिकवून धरतात. ही लाळ पोटात जाण्याचे थांबले, मग ते जनावराने खाणे सोडल्यामुळे असो किंवा लाळ बाहेर गळून गेल्यामुळे असो, की पोटातील आम्लता वाढते, रवंथ मंदावते, दूध कमी होते व जनावर खंगू लागते. लाळग्रंथीचा रोग हा केवळ तोंडाचा रोग नसून त्याचा परिणाम पोटापर्यंत पोहोचतो, तो अशा रीतीने.

ग्रंथींची जागा

गुरांच्या डोक्यात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. पहिली जोडी कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागील कडेला लागून असते. हिला कर्णमूल ग्रंथी म्हणतात. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतील अंगास असून ती मानेच्या सुरुवातीपासून हनुवटीच्या दिशेने वाकत गेलेली असते. तिसरी जोडी जिभेखाली असते. ह्याखेरीज गाल व ओठ ह्यांच्या आत लहान लहान ग्रंथी पुष्कळ असतात.

प्रत्येक मोठ्या ग्रंथीत तयार झालेली लाळ नळीवाटे तोंडात येते. कर्णमूल ग्रंथीची नळी जबड्याच्या खालच्या कडेने पुढे जाऊन गालावर चढते व वरच्या दाढांसमोर गालाच्या आतील बाजूस उघडते. ही नळी कातडीपासून फार खोल नसते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शिवाय ह्याच ग्रंथीच्या लगत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, आणि ओठ, पापणी व कान हलविणारी मज्जातंतूची दोरीही तेथूनच जाते. एवढ्या लहानशा जागेत इतक्या नाजूक वस्तू एकत्र असल्यामुळे तेथे सुरी किंवा तापलेली सळई लावणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दाह कशाने होतो

लाळग्रंथीला सूज येण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) कुसळे व काटे : दख्खनच्या माळरानावर व डोंगरउतारावर कुसळी गवत विपुल उगवते. ते कोवळे असताना गुरांना चांगले. परंतु बी धरल्यानंतर त्याची कुसळे टोकदार व ताठ होतात. त्यांच्या टोकावरील बारीक केस मागच्या दिशेने वळलेले असल्यामुळे एकदा टोचलेले कुसळ पुढे पुढेच सरकत जाते. मागे येत नाही. तोंडातील मऊ त्वचेतून किंवा ग्रंथीच्या नळीच्या तोंडातून असे कुसळ आत शिरले, म्हणजे आपल्याबरोबर पू करणारे जंतूही घेऊन जाते. बाभळीचे काटे, तारेचे तुकडे व वैरणीतील टोकदार काड्या ह्यांच्यामुळेही असाच अपाय होतो.

(२) औषध पाजताना झालेली इजा : बांबूच्या नळीने किंवा बाटलीने औषध पाजताना घाई केली, नळीचे टोक धारदार राहिले किंवा जनावराने झटका दिला, तर घशाच्या मागील भागास जखम होते. तेथे पू धरतो व सूज शेजारच्या लाळग्रंथीपर्यंत पसरते.

(३) बाहेरील जखमा : घट्ट बांधलेली म्होरकी सतत घासल्याने, दुसऱ्या जनावराचे शिंग लागल्याने किंवा काटेरी कुंपणात डोके अडकल्याने कानाखाली जखम होते व तीतून जंतू आत शिरतात.

(४) जीवनसत्त्व अ ची उणीव : दीर्घ काळ नुसत्या जुन्या, वाळलेल्या वैरणीवर राहिलेल्या जनावरांना, विशेषतः वासरांना, हिरव्या चाऱ्यातून मिळणारे हे जीवनसत्त्व कमी पडते. त्यामुळे ग्रंथी व नळ्या ह्यांचे आतील अस्तर कठीण व खरखरीत होते आणि ग्रंथीला सूज येते. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात जनावर ठेचकाळू लागणे, हे ह्या उणिवेचे लवकर दिसणारे चिन्ह होय.

(५) शेजारच्या भागातील रोग : दाढेच्या मुळाशी पू होणे, तोंड येणे किंवा घशाजवळच्या गाठींत पू होणे ह्यांचाही उपद्रव लाळग्रंथीस पोहोचतो.

कित्येक ठिकाणी ह्या सुजेस गालगुंड म्हणतात व ती माणसांच्या मुलांना लागेल अशी भीती बाळगली जाते. ही भीती अनाठायी आहे. मुलांना होणारा गालगुंड हा विषाणूंमुळे होणारा माणसांचा रोग असून तो माणसापासून माणसास लागतो. गुरांच्या ग्रंथीचा दाह हा त्याहून वेगळा प्रकार आहे.

लक्षणे

सूज बहुधा एकाच बाजूस येते. हात लावला असता ती गरम लागते व जनावर वेदनेने मान काढून घेते. चावताना दुखत असल्यामुळे जनावर सावकाश व एकाच बाजूने खाते. कडक वैरण सोडते, परंतु पातळ आंबोण पिऊ पाहते. मान ताठ करून पुढे लांबविलेली दिसते. तोंडातून लाळ गळते व पुष्कळदा तिला दुर्गंधी येते. ताप असतो किंवा नसतो.

चार-आठ दिवसांत ह्या सुजेचे दोनपैकी एक वळण दिसते. एक तर ती शेकाने व औषधाने हळूहळू ओसरते, किंवा तिच्यात पू होऊन एखादी जागा मऊ पडते व तेथील केस झडू लागतात. सूज फार वाढून मज्जातंतूवर दाब पडला, तर त्या बाजूचा कान व ओठ लोंबू लागतो. असे झाल्यास विलंब न करता पशुवैद्यास दाखवावे.

सूज सारखी, रोग निराळे

कानाखाली, जबड्याखाली किंवा गळ्यास आलेली प्रत्येक सूज लाळग्रंथीची नसते. म्हणून सुजेवर काहीही उपचार करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : ताप किती आहे, सूज गरम आहे की थंड, आणि बोटाने दाबली असता ती कशी लागते. ताप पाहण्यासाठी साधा उष्णतामापक गुदद्वारात मिनिट-दोन मिनिटे धरावा. निरोगी गाई-बैलांचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते.

घटसर्प : हा सर्वांत भयंकर रोग असून तो पावसाळ्यात विशेष आढळतो. म्हशींना त्याची बाधा अधिक होते. ताप एकाएकी १०४ ते १०७ अंशांपर्यंत चढतो. गळ्याखाली गरम, कठीण व दुखरी सूज येऊन ती पोळीपर्यंत व छातीपर्यंत पसरते. जीभ सुजते, श्वास घेताना घरघर आवाज येतो व जनावर पुष्कळदा एका दिवसाच्या आतच मरते. लाळग्रंथीची सूज एका जागी व बहुधा एका बाजूस असते; घटसर्पाची सूज गळाभर पसरते व जनावराचा श्वास कोंडते. हा फरक प्रत्येकाने मनात पक्का ठसवून घ्यावा. घटसर्पाचा संशय येताच शेक देत न बसता त्याच घटकेस पशुवैद्यास बोलवावे व आजारी जनावर वेगळे बांधावे. लवकर दिलेली जंतुनाशक इंजेक्शनेच काय तो उपयोग करतात.

गोचीडताप : संकरित गाई व वासरे ह्यांना गोचिडांपासून होणाऱ्या ह्या रोगात कानाखालच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात. ह्या गाठी लाळग्रंथी नव्हेत. जोराचा ताप, फिकट पडलेले डोळे व अंगावरील गोचीड ह्यांवरून रोग ओळखता येतो. रक्ताच्या तपासणीने खात्री होते व त्यावर स्वतंत्र औषध आहे.

लाकडी जीभ व जबड्याचा फोड : पहिल्या रोगात जीभ लाकडासारखी कठीण होते, लाळ गळते व जबड्याखालील भाग सुजतो. दुसऱ्यात जबड्याचे हाडच फुगते. सूज दगडासारखी कठीण असते व ती हलविता येत नाही. दोन्ही रोग सावकाश वाढतात. आयोडीनयुक्त औषधांचा उपयोग होतो. मात्र ती पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात.

जंतांमुळे येणारी सूज : पाणथळ जागी चरणाऱ्या गुरांना व मेंढ्यांना यकृतातील चपट्या जंतांची बाधा होते. जबड्याखाली पाणी उतरते. ही सूज थंड व मऊ असते, दुखत नाही आणि बोटाने दाबल्यास खळगा पडून काही वेळ तसाच राहतो. जनावर फिकट व कृश दिसते. येथे शेकाचा काही उपयोग नाही. जंतांचे औषध हवे.

लाळ्या खुरकत : तोंडात व खुरांत फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात व जनावर लंगडते. एकाच वेळी अनेक जनावरे आजारी पडतात. कानाखाली सूज मात्र नसते.

पिसाळी : कुत्रा किंवा कोल्हा चावल्यामुळे पिसाळलेल्या जनावरासही लाळ गळते, गिळता येत नाही व ओरडण्याचा आवाज घोगरा होतो. घशात काही अडकले असावे अशा समजुतीने पुष्कळ लोक त्याच्या तोंडात हात घालतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. लाळ गळणाऱ्या ज्या जनावराचे वागणे बदललेले आहे किंवा ज्यास कुत्रा चावल्याचा संशय आहे, त्याच्या तोंडात कोणीही हात घालू नये. अशी लाळ जखमेस, डोळ्यास किंवा तोंडास लागली असेल तर जखम साबण व वाहते पाणी ह्यांनी पंधरा मिनिटे धुवावी, डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घेण्यास सुरुवात करावी.

घरचे उपचार

सूज एका जागी आहे, श्वास मोकळा आहे, ताप नाही किंवा अल्प आहे, आणि पिसाळीचा संशय नाही, अशी खात्री झाल्यावर घरच्या घरी पुढील उपचार सुरू करावेत व सवडीने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जनावर पशुवैद्यास दाखवावे.

शेक हा ह्या रोगावरील पहिला व बिनधोक उपचार होय. बादलीभर गरम पाण्यात मूठभर मीठ घालावे. पाणी आपल्या कोपरास सहन होईल इतकेच गरम असावे. जाड फडके किंवा स्वच्छ धुतलेल्या गोणपाटाची घडी त्यात भिजवून पिळावी व सुजेवर धरावी. निवली की पुन्हा भिजवावी. असा शेक पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा द्यावा. शेकानंतर तो भाग कोरडा करून वाऱ्यापासून जपावा. शेकाने रक्ताचा प्रवाह वाढतो, वेदना कमी होते आणि सूज ओसरण्यास किंवा पू एका जागी गोळा होण्यास मदत होते.

म्होरकी त्या बाजूस घासत असेल तर ती काढून टाकावी किंवा सैल करावी. बैल असेल तर त्यास जुंपू नये. दोन्ही ओठ अलगद उचलून दाढांच्या व गालाच्या मध्ये कुसळे अथवा काडी अडकलेली दिसते का ते पाहावे. सहज हाती लागणारे कुसळ चिमट्याने काढावे. खोल रुतलेले उकरू नये. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने तोंड धुवावे. पाणी तोंडात ओतताना जनावराची मान वर उचलून धरू नये. नाही तर ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो.

पशुवैद्याचे उपचार

ताप असेल, सूज वाढत असेल किंवा लाळेस दुर्गंधी येत असेल, तर जंतुनाशक औषधे द्यावी लागतात. पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लीन ह्या गटांतील औषधांपैकी कोणते, किती व किती दिवस द्यावयाचे, हे पशुवैद्यच ठरवितो. एक-दोन इंजेक्शने दिल्यावर बरे दिसते म्हणून पुढील इंजेक्शने टाळण्याची सवय वाईट आहे. अर्धवट उपचाराने जंतू मरत नाहीत. उलट ते त्या औषधास दाद देईनासे होतात. दुभत्या जनावरास औषध दिले असल्यास पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्याचे दूध घरी वापरू नये व विकूही नये.

वेदना व सूज कमी करणाऱ्या औषधांबाबत एक गोष्ट अवश्य सांगावयास हवी. डायक्लोफिनॅक हे औषध गुरांना देण्यास भारत सरकारने २००६ साली बंदी घातली. हे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होण्याचे हे मोठे कारण ठरले. किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक ह्या औषधांवरही गुरांच्या बाबतीत २०२३ साली बंदी आली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपायकारक नसल्याचे आढळून आले असून पशुवैद्य त्याचा उपयोग करतात. तेव्हा माणसांच्या औषधांच्या दुकानातून वेदनाशामक इंजेक्शन आणून ते गुरांना टोचण्याचा प्रकार सर्वथैव टाळावा.

वासरांमध्ये जीवनसत्त्व अ ची उणीव असल्यास त्याची इंजेक्शने देतात व हिरवा चारा सुरू करतात. मूळ कारण दूर झाल्याखेरीज ह्या सुजेचे नुसत्या जंतुनाशकाने भागत नाही.

सुरी, डाग व बिब्बा

सुजेत पू झाला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, हे खरे. परंतु तो कोणी, केव्हा व कोठून काढावा हा महत्त्वाचा प्रश्न आहे. पशुवैद्य प्रथम सुई घालून आत पू आहे की नाही ह्याची खात्री करून घेतो. त्यानंतर रक्तवाहिन्या, मज्जातंतू व लाळेची नळी चुकवून, गळू सर्वांत मऊ झालेल्या जागी लहानसा छेद घेतो. पू काढून जखम जंतुनाशक पाण्याने धुतो व आत राहिलेले कुसळ सापडल्यास काढून टाकतो.

हेच काम घरच्या वस्तऱ्याने अंदाजाने केले, म्हणजे तीन प्रकारचे अनर्थ ओढवतात. मोठी रक्तवाहिनी तुटली तर रक्तस्राव आवरत नाही. मज्जातंतू तुटला तर त्या बाजूचा ओठ, कान व पापणी लुळी पडते. लाळेची नळी किंवा ग्रंथी चिरली गेली तर जखमेवाटे लाळ बाहेर वाहू लागते. जनावर खाऊ लागले की ही धार वाढते. सतत ओलावा राहिल्याने जखम भरून येत नाही. अशा वाहत्या छिद्रास लाळेचे नाडीव्रण म्हणतात. लाळेबरोबर शरीरातील क्षार रोज बाहेर जातात, पोटातील आम्लता वाढते, आणि भरपूर खाऊनही जनावर खंगत जाते. हे छिद्र बंद करण्यासाठी पुढे शस्त्रक्रिया करून नळी शिवावी लागते. फार दिवस झाले असतील तर ती ग्रंथीच कायमची निकामी करून टाकावी लागते. उरलेल्या ग्रंथी काम भरून काढतात व जनावर सावरू शकते. पण एका क्षणाच्या घाईची ही किंमत फार मोठी आहे. पशुवैद्याने काळजीपूर्वक छेद घेतल्यावरही असे छिद्र क्वचित राहू शकते. मग अंदाजाने घेतलेल्या छेदाबद्दल काय सांगावे!

डागण्याचा किंवा बिब्बा घालण्याचा उपाय तर निव्वळ वेदनादायक आहे. वरची कातडी जळते. आतील पू व कुसळ जागच्या जागी राहते. जळलेल्या जागी नवी जखम होऊन तीत माशा बसतात व किडे पडतात. डाग दिल्यावर काही जनावरे बरी होतात, हे खरे. परंतु ती डागाने बरी झालेली नसून सूज मुळातच ओसरण्याच्या मार्गावर असल्यामुळे बरी झालेली असतात. घटसर्पाच्या जनावरास डाग दिला, तर औषध देण्याची मोलाची वेळ मात्र निघून जाते.

खुराक व निगा

आजारी जनावर खात नाही म्हणून पुढे टाकलेला कडबा तसाच ठेवून चालत नाही. त्यास चावण्याचे श्रम पडणार नाहीत असे अन्न दिले पाहिजे. कोवळे हिरवे गवत, लसूणघास किंवा मक्याची हिरवी वैरण बारीक कुट्टी करून द्यावी. भिजवून मऊ केलेली पेंड, गव्हाचा कोंडा व ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज थोडी थोडी दिवसातून चार-पाच वेळा द्यावी. धान्याचा भरडा एकदम फार घालू नये. लाळ कमी पडत असता धान्य अधिक झाले तर पोटातील आम्लता अधिकच वाढते. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. आंबोणात थोडे मीठ घालावे. लाळ फार वाहून जात असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने खाण्याचा सोडाही देता येतो.

छेद घेतलेली जखम रोज पशुवैद्याने सांगितलेल्या जंतुनाशक पाण्याने धुवावी. माशा बसू नयेत म्हणून जखमेच्या भोवती करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल लावावे. ते जखमेच्या आत ओतू नये. जनावर कोरड्या, सावलीच्या जागी बांधावे. सूज पूर्ण ओसरून जनावर पूर्वीप्रमाणे रवंथ करू लागल्याशिवाय बैलास जुंपू नये.

रोग होऊ नये म्हणून

कुसळी गवत फुलोऱ्यात येताच, कुसळे कठीण होण्यापूर्वी कापावे. ह्या वेळी कापलेल्या गवतात पौष्टिक अंशही अधिक असतो. कापणीस उशीर झालेले गवत खाली घालण्यापूर्वी झोडून कुसळे झाडून टाकावीत. वैरणीच्या गंजीत व गोठ्यात तार, खिळे व काटेरी फांद्या राहू देऊ नयेत. औषध पाजण्याच्या नळीचे टोक गुळगुळीत करावे व औषध सावकाश पाजावे. उन्हाळ्यात जेथे पाण्याची सोय आहे तेथे थोडा तरी हिरवा चारा राखावा. निदान गाभण गाई व वासरे ह्यांना तो मिळेल असे पाहावे. म्होरकी मऊ व सैल असावी.

घटसर्पाची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी सर्व गुरांना टोचून घ्यावी. लाळ्या खुरकतीची लसही ठरलेल्या वेळी घ्यावी. ह्या लसी लाळग्रंथीच्या दाहावरील नव्हेत, हे खरे. परंतु ज्या गावात घटसर्पाची लस सर्व जनावरांनी घेतली आहे, त्या गावात गळ्याची सूज पाहून होणारा निम्मा घोटाळा टळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी लसीकरणाची व पावसाळ्यानंतर गवताच्या वेळेवर कापणीची आठवण गावसभेत व घरोघरी द्यावी. पशुसखी व दूध संस्थांचे कार्यकर्ते ह्यांनी उष्णतामापक जवळ ठेवावा व तो वापरण्यास शेतकऱ्यांना शिकवावे. पशुवैद्यास निरोप देताना केवळ ‘बैलाला सूज आली’ एवढेच न सांगता सूज केव्हा आली, एका बाजूस आहे की गळाभर, गरम आहे की थंड, ताप किती, श्वास कसा चालतो आणि जनावर काय खाते, एवढ्या गोष्टी सांगाव्यात. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर ठळक लिहून ठेवावा. नेमक्या शब्दांत दिलेला निरोप मिळाला म्हणजे पशुवैद्यास योग्य औषधे बरोबर घेऊन निघता येते आणि घटसर्पासारख्या रोगात त्यामुळे वाचलेला तास जनावराचा जीव वाचवितो.

थोडक्यात सांगावयाचे म्हणजे, कानाखाली सूज दिसताच हात सुरीकडे किंवा सळईकडे न जाता प्रथम उष्णतामापकाकडे जावा. ताप मोठा असून सूज गळाभर पसरत असेल तर तत्काळ पशुवैद्य. सूज एका जागी असेल तर शेक, मऊ खुराक, विश्रांती आणि मग पशुवैद्याचा सल्ला. एवढी शिस्त पाळली गेली, तर ऐन पेरणीत बैल गमावण्याची किंवा दुभती गाय कायमची खंगण्याची पाळी पुष्कळ शेतकऱ्यांवर येणार नाही.